वैशाखातली कालवं

कालवांचं रक्त काढणं हा माझा रोजचा धंदा आहे. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग नाक मुरडतात, म्हणून हल्ली कुणी विचारलं तर ‘मासळीच्या प्रयोगशाळेत आहे’ एवढंच म्हणते. काम मात्र तेच. खडपावरून, म्हणजे खाडीतल्या खडकावरून, काढून आणलेलं जिवंत कालव हातात घ्यायचं, ब्रशनं त्याचा चिखल घासायचा, शिंपल्याची कड कानशीनं घासून सुई जाईल एवढी खाच पाडायची, आणि दोन्ही शिंपले मिटून धरणारा जो स्नायू असतो त्याच्या कडेच्या पोकळीतून रक्त हळूहळू ओढून घ्यायचं. सिरिंजमध्ये येतं ते पाण्यासारखं, जेमतेम दुधाळ. लाल रंगाचा पत्ता नसतो.

‘‘रगत म्हणं!’’ माझी आते म्हणायची. ‘‘ज्येच्या आमटीत मीठ घालाय लागत नाय त्येला रगत कसलं? समुद्राचं पाणी ते. तुमच्या सायबांना दुसरा उद्योग नाय काय गो?’’

आते म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील नोकरीपायी चिपळूणला गेले आणि मी तिथं वाढले, पण दर मे महिन्यात ते मला रत्नागिरीला, खाडीकाठच्या तिच्या घरी धाडून देत. पुढं माझी नोकरीही रत्नागिरीतच लागली. तेव्हा ‘भाड्याची खोली कशाला, आपलं घर काय वाहून गेलंय?’ म्हणून तिनं माझी बॅग घरात घेतली ती घेतलीच. घरात ती, तिची सून म्हणजे माझी वहिनी, आणि मी. आतेभाऊ मुंबईला कामाला. सासूसुना सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी खडपांवर जायच्या, टोकदार टोच्यानं कालवं काढायच्या आणि दारोदार विकायच्या. आतेची साठी उलटली होती, तिला शुगर निघाली होती, तरी खडपांवरून ती अशी चालायची की तिच्यामागून जाताना माझी तारांबळ उडायची. घरात बसून राहायचं म्हटलं की तिचं डोकं फिरे. पाऊस लागला, खडपं बंद झाली की ती चार दिवसांत चिडचिडी व्हायची आणि वहिनीचं आणि माझं जिणं हराम करायची.

कालवाची कड म्हणजे ब्लेडचं पातं. खडपांवर जाणाऱ्या बाईच्या पायावर चिरा असायच्याच. कापलं की काय करायचं हेही ठरलेलं होतं. बसायचं, सुकतीनं खडपांत जे डबरं भरून राहिलेलं असतं त्यात पाय बुडवायचा, रक्त थांबेपर्यंत हातानं चोळायचा आणि उठून कामाला लागायचं. खारं पाणी जखमेला औषध, हे तिथं कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना ठाऊकच असतं. आठ वर्षांची असताना माझी पोटरी चिरली तेव्हा मी बोंब ठोकली, तर आतेनं मला काखोटीला मारलं आणि तश्शीच डबऱ्यात उभी केली. झोंबलं म्हणून तिला मी चावलेसुद्धा. जखम आठवड्यात भरली. त्यामुळे पुढं शास्त्राची पदवी घेतली तरी मनातून मीही तेच मानत राहिले.

प्रयोगशाळेत त्या वर्षी आमच्याकडे तीन टाक्या होत्या. एकीत थंडीतल्या खाडीइतकं गार पाणी, दुसरीत नेहमीच्या उन्हाळ्याइतकं, आणि तिसरीत हीटर लावून वैशाखात सुकतीच्या वेळी खडपांवरच्या डबऱ्यात होतं तेवढं गरम. कालवांची रोगाशी झुंजायची ताकद पाण्याच्या गर्मीनं किती कमी होते, हे बघायचं होतं. माणसाच्या अंगात लढायला बरीच फौज असते, एकदा येऊन गेलेला रोग ओळखणारीसुद्धा. कालवाकडे तसलं काही नाही. त्याच्या रक्तात काही भटक्या पेशी असतात; जंतू भेटला की त्याला वेढायचं आणि गिळायचं, एवढंच त्यांना येतं. आम्ही रक्ताच्या थेंबात रंगवलेलं यीस्ट टाकायचो, थोडा वेळ थांबायचो आणि सूक्ष्मदर्शकातून मोजायचो, शंभर पेशींतल्या किती पेशींच्या पोटात रंगीत दाणे दिसतात.

गार टाकीतल्या कालवांच्या पेशी पसरलेल्या असायच्या, पाय फुटल्यासारख्या, पोटात तीन-तीन दाणे. गरम टाकीतल्या पेशी गोल, आकसलेल्या. दाणा अगदी चिकटून पडलेला असला तरी त्याला हात लावायच्या नाहीत. आणि वरून बघाल तर कालव ठणठणीत! बोटानं टिचकी मारली की शिंपला मिटायचं. पहिल्या आठवड्यात मी वहीत ‘गर्मी सोसतात’ असं लिहून मोकळी झाले होते. मग आम्ही ती कालवं गरम टाकीतून काढून पुन्हा गार पाण्यात सोडली. माझ्या मते सुटली होती ती. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून एकेक कालव आ वासून मरायला लागलं. गर्मीत मेलेली थोडी होती. जास्त मेली ती नंतर, गार पाण्यात, आत शिरून बसलेल्या जंतूंनी.

टाक्यांच्या पाण्याचे थेंबही आम्ही जंतू वाढवायच्या बश्यांवर पसरून ठेवायचो. गार टाकीच्या बशीवर दुसऱ्या दिवशी मोजता येतील एवढे ठिपके. गरम टाकीच्या बशीवर मोजायची सोयच नाही, पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांचा नुसता थर. आमच्या वरिष्ठ बाईंनी ती बशी उजेडात धरली आणि म्हणाल्या, ‘‘यातले काही माणसालाही सोडत नाहीत. हातमोजे घातल्याशिवाय या टाकीत हात घालायचा नाही. हाताला चीर असेल तर अजिबात नाही.’’ ही सूचना मी माझ्या हातानं, लाल पेनानं, कागदावर लिहिली आणि गरम टाकीवर चिकटवली. अक्षर छान आलंय म्हणून बाईंनी कौतुकही केलं.

आता पुढचं सांगते. मे महिना निम्मा सरला होता. पावसाच्या आत बाईंना टाकीतली नव्हे, खडपांवरची कालवं हवी होती. काही वरच्या खडपांवरची, जी दुपारभर गरम डबऱ्यात शिजतात. काही खालची, ज्यांच्यावरून खाडीचा प्रवाह वाहत असतो. दोन्हींचं रक्त ताडून बघायचं होतं. नमुने आणणारा माणूस लग्नाला गावी गेला होता. मी फुशारकीनं म्हटलं, ‘‘माझी आते आणून देईल की! तिच्याइतकी खडपं कुणाला ठाऊक नाहीत.’’

आते नाही म्हणाली. सरळ, तोंडावर. ‘‘वैशाखात कालवाला हात लावू नये गो. पाणचट असतात, अंगात जीव नसतो त्यांच्या. आमी ह्या दिसांत कवा काढलीत काय?’’

खरंच होतं. पाणी तापलं की तिथल्या बायका कालवं सोडून द्यायच्या, पावसानंतर पुन्हा हात लावायच्या. मी तीन टाक्या, तीन हीटर आणि दोन पेट्या सुया खर्ची घालून जे शोधलं होतं ते तिनं एका वाक्यात सांगून टाकलं होतं. मला गंमत वाटली, आणि थोडा रागही आला. मी म्हटलं, ‘‘तेच तर बघायचंय, आते. जीव का नसतो ते.’’

‘‘नसतो म्हंजे नसतो. त्येला का कसलं?’’

मी दोन दिवस तिच्या मागे लागले. शेवटी अमावास्येच्या आदल्या दिवशी ती टोचा घेऊन उठली. वहिनी माहेरी गेली होती, म्हणून आम्ही दोघीच. चार वाजले होते. पाणी पार खाली गेलेलं, खडपं उघडी, ऊन असं की टोच्याचा दांडा हाताला पोळत होता. वरच्या खडपांवरची कालवं पटापट झाली. आते काढायची, मी एका बादलीत ठेवायची, डबऱ्यात थर्मामीटर बुडवून आकडा वहीत लिहायची. पारा आमच्या गरम टाकीच्या खुणेच्याही वर गेला होता. मला आनंद झाला. नमुने जसे हवे होते तसे मिळत होते.

खाली उतरताना तिचा पाय शेवाळावरून सटकला. पडली नाही, पण डावा पाय दोन खडपांच्या मधे गेला आणि घोट्यापासून वर वीतभर चिरला. बादली टाकून मी धावले. ‘‘काय नाय, काय नाय,’’ म्हणत ती खाली बसली आणि पाय उचलून शेजारच्या डबऱ्यात घातला.

त्याच डबऱ्यात मी दोन मिनिटांपूर्वी थर्मामीटर बुडवला होता. वही माझ्या हातात होती.

मला सगळं आठवलं. आठवलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. ती बशी आठवली, बाई काय म्हणाल्या ते आठवलं, माझं लाल अक्षर आठवलं. खांद्याच्या पिशवीत प्यायच्या पाण्याची भरलेली बाटली होती. ‘आते, पाय काढ, हे पाणी ओत’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? आते पाय चोळत होती, डबऱ्यातलं पाणी लाल होत होतं. मी उभी राहिले.

पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला निरनिराळी कारणं सांगितली. तिनंच मला लहानपणी असं धुतलं होतं, तिला शिकवणारी मी कोण. आजवर शंभरदा तिनं हेच केलं, कधी काही झालं नाही. ही कारणं खोटी नाहीत, पण खरं कारण दुसरं होतं. पाणी भरायला लागलं होतं आणि खालच्या खडपांवरची कालवं अजून काढायची होती. मी घाबरवलं असतं तर ती उठून घरी गेली असती. मग अशी सुकती पंधरा दिवसांनी, तोवर पाऊस. एवढा सगळा हिशेब मी ती पाय चोळत होती तेवढ्या वेळात केला.

‘‘बघ, थांबलं,’’ ती म्हणाली. पदराची कड फाडून तिनं पायाला बांधली आणि तशीच खालच्या खडपांवर उतरली. तासभर ती गुडघाभर पाण्यात उभी राहून माझी कालवं काढत होती. मी मोजून घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या अंगात कणकण होती. पायाला हळद-तेल लावून ती पडवीत चटईवर आडवी झाली होती. ‘‘उनाचं बाधलंय,’’ म्हणाली. लुगड्याखालून घोटा सुजलेला आणि लाल दिसला. लुगडं सारून नीट बघावं असं मनात आलं, पण कालवं ताजी होती, रक्त लवकर काढायला हवं होतं. वहिनी सकाळच्या गाडीनं परत येणारच होती. तापाची गोळी तिच्या उशाशी ठेवून मी निघाले.

त्या दिवशी माझं काम फार छान झालं. वरच्या खडपांवरच्या कालवांच्या पेशी गोल, मंद, यीस्ट तसंच पडलेलं. खालच्यांच्या पेशी पोटभर खात होत्या. बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी जेवणाचा डबाही उघडला नाही, इतकी रंगून गेले होते.

तीन वाजता वहिनीचा फोन आला. ‘‘ताई, आईंचा पाय काळा पडलाय. फोड आलेत मोठे मोठे. बोलतायत ते कळत नाय मला. लवकर या.’’

सरकारी इस्पितळात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं पाय बघितला आणि त्याचा चेहराच बदलला. शुगर किती दिवसांची, जखम कधीची, कशानं झाली, असं भराभर विचारू लागला. मी एका दमात सगळं सांगितलं. कालव, डबरं, तापलेलं पाणी, त्यात वाढणारे जंतू, त्यांची नावंसुद्धा. तो थबकून माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘बरं झालं सांगितलंत. औषध कुठलं द्यायचं ते लगेच ठरवता येईल.’’ मग म्हणाला, शुगर जुनी असली की माणसाच्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशीही मंदावतात. मी मान हलवली. मला ते माहीत होतं, मला सगळंच माहीत होतं. वहिनी शेजारी आतेची चप्पल हातात धरून उभी होती. आमच्या इंग्रजी नावांतलं तिला काही कळलं नाही.

औषध सुरू करून त्यांनी तिला कोल्हापूरला हलवायला सांगितलं. आंबा घाटात ती गाडीत बडबडत होती, कुणाला तरी ‘पाणी भरलं, चला गो’ म्हणून हाका मारत होती. काळेपणा डोळ्यांदेखत वर चढत होता. वहिनीनं पेनानं कडेला रेघ मारली होती, ती घाटाआधी साखरपा येईतोच मागे पडली होती. आतेभाऊ मुंबईहून थेट तिथं पोचला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं सही केली आणि तिचा डावा पाय गुडघ्याच्या वर कापला गेला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच खूप.

जंतू कुठून शिरले ते कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. कालवाच्या धारेनंच आत गेले असतील, डबऱ्यातल्या पाण्यानं गेले असतील, नंतर तासभर ती पाण्यात उभी होती तेव्हा गेले असतील. मी डॉक्टरांना हे तीनदा विचारलं. त्यांना वाटलं मला शास्त्रात रस आहे.

आठवड्यानं तिला वॉर्डात आणलं. सुकून गेली होती, पण शुद्धीवर होती. पाय नाही हे तिला कळलं होतं, त्यावर ती रडली नाही, निदान आमच्यासमोर तरी नाही. नर्सवर ओरडली, भाताला शिव्या दिल्या. मला बरं वाटलं. वाटलं, चला, आपली आते परत आली.

त्या संध्याकाळी वहिनी तिचे केस विंचरत होती आणि मी कॉटच्या पायथ्याशी मोसंबी सोलत होते. आते वहिनीला म्हणाली, ‘‘आता तुलाच जायला हवं खडपांवर. एकटी.’’

‘‘जाईन की, आई.’’

‘‘आयक. माझी चूक झाली. पाणी भरायला लागलं होतं म्हणून मी घाई केली. पाय नीट धुतलाच नाय. जरा येळ तसाच ठेवायला हवा होता पाण्यात, सगळं इख भायेर पडलं असतं.’’ तिनं वहिनीचं मनगट धरलं. ‘‘तुला लागलं तर माझ्यासारखं करू नको. खाऱ्यात चांगला येळभर बुडवून ठेव. गरम डबरं बघ, गरम पाणी जास्ती चांगलं. आयकतंस ना?’’

‘‘हो आई,’’ वहिनी म्हणाली.

मी गप्प राहू शकले असते. घरी गेल्यावर वहिनीला बाजूला घेऊन सांगता आलं असतं, आतेला कळू न देता. तो विचारही मी केला. पण वहिनीनं मान अशी हलवली होती, जणू सासूनं शेवटची इच्छाच सांगितली होती, आणि मला माहीत होतं, आतेचा शब्द मोडून ती माझं ऐकणार नाही. मी मोसंबं खाली ठेवलं.

‘‘नाही, वहिनी. खाऱ्यात नको. गरम डबऱ्यात तर मुळीच नको.’’

‘‘का गो?’’ आते म्हणाली.

मी सांगितलं. जमेल तितकं सोपं करून सांगितलं. तापलेल्या पाण्यात जंतू कसे माजतात, त्याच पाण्यात कालवांच्या अंगातला जीव कसा जातो आणि ती जंतूंनी कशी भरून जातात, शुगरवाल्या माणसाचं कसं होतं. साबण आणि नळाचं पाणी बरोबर न्यायचं, कापलं की लगेच धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं. बोलताना मी सगळा वेळ वहिनीकडेच बघत होते. माझं संपलं तेव्हा आतेनं विचारलं, ‘‘ह्ये तुला आता डाक्टरांनी सांगलं?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग?’’

‘‘आधीपासून माहीत होतं.’’

‘‘मी डबऱ्यात पाय घातला तवा?’’

‘‘हो.’’

‘‘आनि तू हुबी होतीस.’’

‘‘खालची कालवं राहिली होती, आते,’’ मी म्हटलं. दुसरं काहीतरी म्हणता आलं असतं, पण तोंडातून तेच निघालं.

तिनं माझ्याकडे बघितलं. रागावून नाही, ओळख पटत नाही अशा माणसाकडे बघतात तसं. मग वहिनीला म्हणाली, ‘‘मला त्या कुशीवर वळव.’’ एका पायानं तिला आपलं आपण वळता येत नव्हतं. वहिनीनं कंगवा ठेवला, खांद्याखाली हात घालून तिला भिंतीकडे वळवलं, चादर नीट केली. मी मदतीला हात पुढं केला, तर आतेनं कोपरानं तो दूर सारला.

भिंतीकडे तोंड करूनच ती वहिनीला म्हणाली, ‘‘हिला सांग, तुझी बॅग घेऊन बापाच्या घरला जा म्हणून.’’

मी तिथंच होते, तिच्या पाठीपासून हातभर अंतरावर. वहिनीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मला ते सांगितलं.